मागाच्या शेडचं खुराडं करणेबाबत

विषय : घरामागील पत्र्याच्या शेडचे कोंबड्यांच्या खुराड्यात रूपांतर करण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा दिनांक ४ जुलै १९८८ चा अर्ज, आवक क्रमांक १४७३.

...आणि एवढं स्वच्छ, एवढं रीतसर लिहूनसुद्धा मला उलट टपाली विचारतात, माग किती! अहो, माग किती म्हणजे काय? कोंबडीला माग असतो का? कोंबडी काय लुंगी विणते का, मांजरपाट काढते का दिवसाला चाळीस मीटर? विषयात 'कोंबड्यांच्या' असा शब्द आहे, मी स्वतः लिहिलाय, खाली दुहेरी रेघ, तीसुद्धा पट्टी लावून मारलेली, आणि ह्यांचं आपलं चालूच... माग किती, अश्वशक्ती किती, कामगार किती, शिफ्ट किती!

हसा, हसा. मीही हसलो होतो. आमची हीसुद्धा हसली होती, तिचं पुढे सांगतो.

तुम्हाला सांगतो, चूक माझीच. मी 'शेड' लिहिलं. बाकी जगात शेडमध्ये काहीही असू शकतं, सायकल असेल, गवत असेल, नकोसे झालेले सासरे असतील, पण आपल्या भिवंडीत शेड म्हटलं की माग. दुसरा अर्थच नाही. इथल्या पोराला शाळेत 'शेड या शब्दाचा वाक्यात उपयोग कर' म्हटलं तर तो लिहील, 'शेडमध्ये लाईट गेली.' पडवी लिहिलं असतं, पत्र्याची खोली लिहिलं असतं तरी निभावलं असतं. पण कागदोपत्री ती शेड होती, आणि कागदोपत्री जे असेल तेच मी लिहिणार, कारण मी केसरीनाथ मढवी, निवृत्त वरिष्ठ लिपिक, एकतीस वर्षं आवक-जावक. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही, पेन्शन अजून तिथूनच येते. पण अर्ज केला तो त्याच कार्यालयात, हे सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. एकतीस वर्षं ज्या टेबलावर मी लोकांचे अर्ज घेतले, त्याच टेबलावर मी अर्ज दिला. का? तर रीतसर! आपलं काय आहे, जे करायचं ते रीतसर.

ही शेड माझी नाही बरं का. हिची. म्हणजे मंडळींच्या नावावर. एकोणसत्तर साली घरामागे बांधली, तेव्हा सरकारी नोकराच्या नावावर धंद्याची जागा नको म्हणून हिच्या नावावर केली, तीसुद्धा वरिष्ठांना लेखी कळवून. भाड्यानं दिली जमीरभाईंना. जमीरभाई आझमगडकडचे, आले तेव्हा दुसऱ्याच्या शेडमध्ये जॉबर होते, बिघडलेले माग नीट करायचे, मग स्वतःचे दोन माग टाकले आमच्याकडे. माणूस लाख मोलाचा. पण माग! तुम्ही भिवंडीतले आहात, तुम्हाला काय सांगायचं? आमच्या स्वयंपाकघराची भिंत आणि शेडची भिंत एकच. फडताळातले पेले दिवसभर थरथरायचे. एकोणीस वर्षं. खटखट खटखट खटखट... आम्ही नवराबायको घरात बोलायचो ते ओरडून. म्हणजे भांडत नसू हो! 'मीठ दे' हे वाक्य आमच्या घरी भाषणासारखं म्हणावं लागायचं. बाकीचं हातवाऱ्यांवर. बोट वर केलं की चहा, दोन बोटं वर केली की पाहुण्यालाही चहा.

मे अठ्ठ्याऐंशीत मी निवृत्त झालो आणि त्याच महिन्यात जमीरभाईंनी मोठी शेड घेतली, माग काढून नेले. शेवटचा माग टेम्पोत चढला, टेम्पो गेला, आणि घरात असं काहीतरी झालं की मला वाटलं माझे कान गेले. पेले गप्प. भिंत गप्प. मी हिच्याकडे बघतोय, ही माझ्याकडे. आणि ही बोलली, अगदी हळू आवाजात, शेड बांधल्यापासून इतक्या हळू आवाजात मी तिला बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाली,

"अहो, आता तिथे कोंबड्या ठेवू या?"

मी म्हटलं, "कोंबड्या? हे मधेच कुठून काढलंस?"

"मधेच कुठे? कितीदा बोलले मी."

"कधी?"

"तुम्ही हो हो करायचात."

आता सांगा! हो हो करायचो, कारण ऐकूच यायचं नाही! खटखटीत मला वाटायचं, ही मीठ संपल्याचं सांगतेय. एकोणीस वर्षं ही कोंबड्या मागतेय आणि मी मीठ आणून देतोय.

आता कोंबड्याच का, तर त्याला इतिहास आहे. ही दिघाशीची. बाप शेतकरी, दारात कोंबड्या. सतराव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा पाटीत घालून एक कोंबडी बरोबर आणली होती, पांढरी, तुरा एका बाजूला पडलेला, नाव चंद्री. कोंबडीला नाव! लग्नानंतर पाचव्या दिवशी आमच्याकडे पाहुणे आले आणि माझ्या आईनं... काय सांगायचं, पाहुणे जेवून गेले. मीही जेवलो. रस्सा उत्तम झाला होता, हे मी तेव्हा बोललोसुद्धा. हिनं वाढलं, हसून वाढलं. चौतीस वर्षांत त्यावर एक अक्षर नाही. ते त्या दिवशी सांगितलं, माग गेल्यावर. म्हणाली, "मला कापायच्या नाहीत हो. नुसत्या ठेवायच्या. त्या आपल्या टोचत फिरतील, मी बसून बघेन." बसून, कारण उभं राहवत नव्हतं. हृदयाची झडप नीट मिटत नव्हती, पाय सुजायचे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, दगदग नको, मन रमेल असं काही करा. मी ती चिठ्ठी फाईलला लावली.

मी म्हटलं, ठेवू या. लगेच ठेवू या. रीतसर!

पैशाचं म्हणाल तर पेन्शनची फाईल अडकलेली, हातात तात्पुरती पेन्शन, तीही पोस्टमनच्या मर्जीनं येणारी. म्हणून अंदाजपत्रक केलं, फूलस्केप कागदावर, आणि खर्चाच्या रकान्यात लिहिलं : निरंक. एक पैसा घालायचा नाही. अंडी घालायला काय हवं? पेटी. जमीरभाईंकडे बॉबिनच्या फुटक्या लाकडी पेट्या पडलेल्या. बसायला दांडी हवी, तर मागाची मोडकी दांडी आहे. खिडक्यांना जाळी हवी, ती जमीरभाईंच्या जुन्या पंख्यांच्या तीन जाळ्या उसवून जोडायची. दाराला फळ्या राहनाळच्या गोदामातून, तिथे खोक्यांच्या तुटक्या फळ्या बाहेर फेकतात, मी स्वतः जाऊन बघून आलो, कोणी नेल्या तर हरकत नाही असं वॉचमनचं तोंडी म्हणणं घेतलं. लेखी मागितलं तर तो पळाला.

तेवढ्यात दिघाशीहून हिचा भाऊ लडकू आला. खांद्यावर कोयता, बरोबर चार बांबू. शेडमध्ये एक चक्कर मारली आणि म्हणाला, "भावजी, दोन दिसांचा काम हाय. परवा कोंबऱ्या आत. बस आता गुमान."

मी म्हटलं, "लडकू, थांब. परवानगी?"

"कोनाची? कोंबरीची?"

"अरे, वापरात बदल आहे. मागाची शेड, तिचं खुराडं. अर्ज करायला हवा."

लडकू हिच्याकडे बघायला लागला. ही माझ्याकडे. जमीरभाई पेट्या द्यायला आले होते, ते तर पेटी खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभेच. "मढवीसाब, मुर्गी का परमिशन? इधर लोग चार-चार माला चढा देता है, कोई पूछता नहीं. वो सामनेवाला देखो, नाले के ऊपर बिल्डिंग बनाया, नाले को भी नहीं पूछा. और आप मुर्गी के लिए अर्जी देगा?"

देगा! रीतसर देगा! म्हटलं, उद्या कोणी बोट दाखवलं की मढवी स्वतः आवक-जावकचा, आणि ह्याच्याच घरी विनापरवाना कोंबडी, तर?

लडकू बांबू टाकून निघून गेला. जाताना हिला म्हणाला, "मैने, तुजा नवरा देवमानूस हाय. देवासारका न्हाय, देव्हाऱ्यातला. हलत न्हाय."

मैना! हे एक सांगायचं राहिलंच. माहेरचं नाव मैना. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहितात ना, तेव्हा मी लिहिलं, प्रमोदिनी. त्या वेळी मी एक कादंबरी वाचत होतो, नायिका प्रमोदिनी, उच्चशिक्षित, पियानोबियानो वाजवायची. मैना काय! म्हटलं, उद्या सरकारी नोकरी लागली आणि कार्यालयात कोणी विचारलं मिसेसचं नाव काय, तर मैना सांगायचं? माझ्या सासूबाईंना ते नाव शेवटपर्यंत आलं नाही, 'परमोदनी' म्हणायच्या आणि स्वतःच दचकायच्या. मी तरी कुठे हाक मारली? 'अगं' म्हणायचो. रेशनकार्डावर प्रमोदिनी, शेडच्या कागदावर प्रमोदिनी, मतदारयादीत प्रमिला, ते सोडा. चौतीस वर्षांत तिनं स्वतः एका कागदावर सही केली नव्हती. सगळीकडे मीच 'करिता' म्हणून.

पण शेड तिची, तेव्हा अर्जदार ती. अर्ज मी लिहिला. डावीकडे चार बोटं समास. 'अर्जदार : श्रीमती प्रमोदिनी केसरीनाथ मढवी.' म्हटलं, "इथे सही कर." तिनं चष्मा लावला, पेन घेतलं, पदर नीट केला, फोटो काढायला बसल्यासारखा. आणि किती वेळ लावला! मी समास बघत होतो हो. समास काय सुरेख आला होता! कागद उचलला, फुंकर मारली, थेट कार्यालय.

माझ्या टेबलावर आता सुचेता बसते. मीच शिकवलेली. "या मढवीकाका," म्हणून तिनं कागद घेतला, शिक्का मारला, क्रमांक घातला, चौदाशे त्र्याहत्तर. शिक्का कसा बसलाय ते बघायला मी मान वाकडी केली... आणि सही दिसली.

मैना.

बाळबोध, मोठी, 'ना'चा काना शेवटपर्यंत खाली ओढलेला. दिघाशीच्या शाळेत दुसरीपर्यंत शिकवलेली. मी म्हटलं, "सुचेता, कागद जरा परत..." ती म्हणाली, "काका, शिक्का बसला." बरोबर आहे. शिक्का बसला की कागद सरकारचा. हे तिला कोणी शिकवलं? मी!

घरी येऊन म्हटलं, "हे काय केलंस?"

"काय केलं?"

"ती सही कोणाची?"

"माझी."

"अगं, अर्जदार प्रमोदिनी आहे!"

"कोंबड्या मला हव्यात ना," ती म्हणाली, "मग नाव माझंच नको?"

मी ओरडलो. माग नव्हते, तरी ओरडलो. सवय. ती आत जाऊन फडताळातले पेले पुसत बसली.

मग पहिलं पत्र आलं, तेच, माग किती, अश्वशक्ती किती. आणि तुम्हाला गंमत सांगतो, ते पत्र माझंच! म्हणजे त्याचा नमुना मी बांधलेला, चौऱ्याहत्तर साली, सायक्लोस्टाईल करून गठ्ठा ठेवला होता. शेडचा अर्ज आला की हे पत्र लावायचं. अजून तोच गठ्ठा चालू होता. शेवटची ओळसुद्धा माझी, 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' किती लोकांना पाठवली असेल ही ओळ मी! मला वाटायचं, काय सभ्य ओळ आहे. घरात बसून वाचल्यावर कळलं, तिचा अर्थ काहीच नाही.

उत्तर द्यायला बसलो. हिला म्हटलं, "ऐक, रकाने भरतोय." मागांची संख्या : निरंक. अश्वशक्ती : निरंक, कोंबडीशक्ती मोजण्याची सोय उपलब्ध नाही. कामगार : सात. पैकी स्त्रिया : सहा. शिफ्ट : एक, सूर्योदय ते सूर्यास्त. कामगारांना सकाळी उठवण्याची व्यवस्था : सातवा कामगार. उत्पादन : अंडी, मीटरमध्ये सांगता येत नाही...

ही जी हसायला लागली! पोट धरून, डोळ्याला पदर लावून. "अहो, असंच पाठवा, असंच पाठवा." हसता हसता खोकली, खोकता खोकता खाली बसली, मी पाणी आणलं, पाणी पिऊन पुन्हा हसली, "सातवा कामगार!" तुम्हाला सांगतो, एकोणीस वर्षांत मी तिला हसवलं असेल, पण ऐकू आलं ते त्या दिवशी.

असं पाठवलं का? छे! फाडलं आणि रीतसर लिहिलं.

दुसरं पत्र आलं, शेजाऱ्यांचं ना-हरकत, आवाजाबाबत. आमचे शेजारी कोण, तर डावीकडे गल्लीपलीकडे बारा माग, उजवीकडे गल्लीपलीकडे आठ, मागे रस्त्यापलीकडे जमीरभाईंची नवी शेड, सोळा. मी कागद घेऊन दारोदार. जमीरभाईंनी कानातला कापूस काढला आणि ओरडून विचारलं, "क्या? मुर्गी का आवाज? साब, हमारा कारीगर एक-दूसरे को सीटी मारके बुलाता है, मुर्गी क्या सुनेगा?" पण सही दिली. सगळ्यांनी दिली. त्यात तीन आठवडे गेले. सात कोंबड्यांनी छत्तीस मागांना त्रास देऊ नये म्हणून.

आणि ह्याच दरम्यान... हे मी सहसा कोणाला सांगत नाही. नवरात्र संपलं होतं. सकाळी लडकू दिघाशीच्या एसटीनं आला, डोक्यावर पाटी, वर फडका बांधलेला, फडक्यातून आवाज. दारातच बसून फडका सोडला. सहा कोंबड्या, एक कोंबडा. एक पांढरी, तुरा एका बाजूला पडलेला. मुद्दाम शोधून आणलेली असणार.

"भावजी," म्हणाला, "परवांगी येल तवा येल. कोंबऱ्या का वाट पाहनार हाय? ठेव. मी फल्या नि जाल्या लावून जातो."

ही उठून दारापर्यंत आली. भिंत धरून आली. खाली बसता येत नव्हतं, वाकली आणि त्या पांढरीच्या पाठीवर हात ठेवला. कोंबडी गप्प बसली. ही माझ्याकडे बघत होती.

आणि मी... अहो, अर्ज विचाराधीन होता हो! कार्यालयातून येऊन कोणी पाहणी केली आणि कोंबड्या आधीच सापडल्या, तर अर्ज नामंजूर, कायमचा! मला खरंच वाटलं, मी तिच्याच भल्याचं करतोय. म्हटलं, "लडकू, परत ने. आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. परवानगी आली की पत्र टाकतो."

लडकूनं बहिणीकडे बघितलं. मला वाटलं, ही आता बोलेल, चांगलं तोंड सोडेल, सोडायला हवं होतं. तिनं हात काढून घेतला, पदराला पुसला आणि म्हणाली, "ने रे. असू दे. रीतसर होऊ दे."

फडका बांधला. पाटी डोक्यावर गेली. एसटीत कंडक्टरनं कोंबड्यांचंही तिकीट फाडलं म्हणे. येताना एकदा, जाताना एकदा.

फेब्रुवारीत ती गेली. मंगळवारी, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. कोणालाही पूर्वसूचना न देता, आमच्या घरात परवानगीशिवाय झालेली ती पहिली गोष्ट. शेडकडचं दार उघडं होतं. तिथेच खुर्ची टाकून बसायची अलीकडे, रिकाम्या शेडकडे बघत. बॉबिनच्या पेट्या ओळीनं लावून ठेवल्या होत्या, आत कापसाची पुंजकी घातलेली. ती कधी घातली, मला माहीत नाही.

दहाव्याला नदीवर गेलो. पिंड ठेवला. कावळे? भरपूर! झाडावर सभा भरलेली. एकही खाली येईना. अर्धा तास, पाऊण तास. लोक एकेक बोलायला लागले, तुम्हाला माहीत आहे तो प्रकार, इच्छा राहिली असेल तर कबूल करायची. 'घर नीट सांभाळू', 'भावजींना जेवायला घालू'... कावळे ढिम्म. गुरुजी घड्याळ बघायला लागले, "दर्भाचा करू का?" दर्भाचा कावळा म्हणजे काय, सक्षम अधिकारी गैरहजर असताना प्रभारीची सही. म्हटलं, थांबा.

लडकू कानाशी येऊन म्हणाला, "भावजी, तुला ठावं हाय तिला का पायजे. बोल."

मी हात जोडले, पुढे झालो आणि बोललो. काय बोललो? माझ्या तोंडून काय निघावं? "परवानगी प्राप्त होताच कोंबड्या ठेवण्यात येतील."

एक कावळा होता तोही उडून गेला.

"भावजी!" लडकू रडतही होता आणि दातही खात होता, "त्या कावल्याला का कागुद वाचता येतो? सरल बोल ना तिच्याशी!"

सरळ बोलायचं. कसं बोलायचं? हाक काय मारायची? 'अगं'? मेलेल्या माणसाला 'अगं' म्हणतात का? प्रमोदिनी म्हटलं तर ती ओ देणार नाही, कधीच दिली नव्हती. जोडलेले हात तसेच ठेवून म्हटलं,

"मैने... ठेवतो गं. आता थांबत नाही. विनापरवाना ठेवतो."

आणि तुम्हाला सांगतो, पापणी लवायच्या आत एक कावळा खाली. आला, टोचलं, गेला. ना खुलासा, ना ना-हरकत. माझ्या उभ्या आयुष्यात अर्ज केल्या क्षणी निकाल देणारा तेवढा एकच अधिकारी बघितला.

मग काय! तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी लडकू कोयता घेऊन आला. दोन दिवसांचं काम म्हणाला होता, दीड दिवसात झालं. दीड दिवस! फळ्या, दांडी, पंख्यांच्या जाळ्या, सगळं माझ्या अंदाजपत्रकाप्रमाणे, खर्च निरंक. जमीरभाई येऊन बघून गेले. म्हणाले, "अच्छा बना है, साब." आणि मग खाली बघून, "भाभीजी को दिखाना था." मी म्हटलं, हो. कोंबड्या त्याच सात. ती पांढरी पहिल्याच दिवशी कापसाच्या पेटीत जाऊन बसली.

संपलं ना? नाही. मार्चअखेर तिसरं पत्र आलं.

'अर्जात अर्जदाराचे नाव श्रीमती प्रमोदिनी असे असून सही मैना अशी आहे. सबब, दोन्ही व्यक्ती एकच असल्याबाबत अर्जदाराने समक्ष हजर राहून खुलासा करावा.' खाली सुचेताचा हात. काय सांगू, वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला. कागद निकाली काढण्याआधी नाव आणि सही ताडून बघायची, हे मीच तिला शिकवलेलं. अर्जदारानं समक्ष हजर राहावं, मध्यस्थ चालणार नाही, ही ओळसुद्धा नमुन्यात मीच घातलेली.

गेलो. सुचेता मला बघून उभी राहिली. तिला माहीत नव्हतं हो बिचारीला, ती बाळंतपणाच्या रजेवर होती. मी सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले. म्हणाली, "काका, बसा. तुम्ही कशाला त्रास घेता? एक ओळ लिहून द्या, अर्जदार मयत. मी आजच्या आज निकाली काढते."

आणि मग सवयीनं पुढचं मला ऐकू आलं. निकाली निघालेला कागद कुठे जातो? बस्त्यात. बस्ता रेकॉर्डला. पाच वर्षांनी रेकॉर्ड रद्दीत. एकतीस वर्षांत मी किती बस्ते बांधून दिले रद्दीवाल्याला, त्या सुतळीच्या गाठीसुद्धा आठवतात. आणि त्या कागदावर, खाली उजवीकडे... तिची सही दुसरीकडे कुठेच नाही हो. कुठेच नाही. बाकी सगळीकडे मीच, 'करिता'.

सुचेतानं पेन पुढे केलं. मी घेतलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर खोटं लिहिलं : 'अर्जदारास तूर्त समक्ष हजर राहणे शक्य नसल्याने तीन महिन्यांची मुदत मिळावी, ही विनंती.'

सुचेतानं वाचलं. माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून शिक्का मारला.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी जातो. आता चौऱ्याण्णव साल लागलं. सुचेता विचारत नाही, मी सांगत नाही. मी मुदतीचा अर्ज देतो, रीतसर. ती फाईल काढते, कागद लावते. लावताना मूळ अर्ज वर येतो, तेवढा मी बघून घेतो. शाई जरा फिकी झाली आहे, पण 'ना'चा काना ठसठशीत आहे. मग तिच्यासाठी चार अंडी नेलेली असतात ती टेबलावर ठेवतो, ती म्हणते, "काका, कार्यालयात भेट घेत नाहीत, तुम्हीच शिकवलंत," मी म्हणतो, "भेट नाही, नमुना आहे," आणि घरी येतो.

तर, सद्यस्थिती पुढीलप्रमाणे. शेडमध्ये मागांची संख्या निरंक. कोंबड्या नऊ, कोंबडा एक, सर्व विनापरवाना. कापलेल्या निरंक. अर्जदार मैना उर्फ प्रमोदिनी यांनी अद्याप समक्ष हजर राहून खुलासा केलेला नाही. आवक क्रमांक चौदाशे त्र्याहत्तर. अर्ज प्रलंबित आहे.